ताटलीपुढे नखरे, शू पायपुसण्यावर

प्रश्न : गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहते. आमची नऊ महिन्यांची पॉमेरियन चिंगी तिच्या ताटलीकडे ढुंकून बघत नाही. सासरे पोळी, द्राक्षं हातानं भरवतात. शू मात्र गॅलरीतल्या पायपुसण्यावरच!

उत्तर : ताई, आधी द्राक्षं बंद. हंगामात आपल्या नाशकात ती घरोघरी असतात, पण द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. एकही नको, सासऱ्यांना माझं नाव घेऊन सांगा. जेवण ठरल्या वेळी ठेवा, २० मिनिटांनी उचला, मधे बिस्किटाचा तुकडाही नाही. दिवसभर उपाशी राहिली किंवा उलटी झाली, तर डॉक्टर गाठा. जेवल्यावर लगेच खाली न्या, शू होताच तिथंच शाबासकी द्या. पायपुसणं काढा आणि फरशी एन्झाइमवाल्या क्लीनरनं पुसा; वास उरला की ती पुन्हा तिथंच बसणार.