मातीतले जिवाणू: १६एस करावं की मेटाजीनोम?

माती प्लेटवर पसरली तर मोजक्याच वसाहती उगवल्या, आता थेट मातीतून डीएनए काढून १६एस (जिवाणू ओळखायला वापरतात ते जनुक) वाचावं की मेटाजीनोम (नमुन्यातला सगळाच डीएनए), असं तुम्ही विचारलंत. वसाहती कमी म्हणून खट्टू होऊ नका. मातीत सूक्ष्मदर्शकाखाली जेवढ्या पेशी दिसतात, त्यातल्या एक टक्कासुद्धा नेहमीच्या माध्यमावर सहसा वाढत नाहीत. समुद्रात जिकडेतिकडे सापडणारा जिवाणूंचा सार-११ गट १९९० साली फक्त त्याच्या जनुकावरून ओळखला गेला. तो प्रयोगशाळेत वाढवायला २००२ उजाडलं. तेव्हा थेट डीएनए काढायचा तुमचा विचार योग्यच आहे.

आता १६एस की सगळ्याच डीएनएचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरक्रम वाचणं? नमुन्यात कोण कोण आहे एवढंच हवं असेल तर १६एस पुरे. नत्र स्थिर करणाऱ्यांचं प्रमाण हवं असेल, तर सरळ त्या कामाच्या निफ-एच जनुकाचं क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजायची पद्धत) करा. स्वस्तात काम होतं. मेटाजीनोममध्ये जनुकांचा सगळा पसारा हाती येतो खरा, पण मातीत इतकी विविधता असते की खोलवर सिक्वेन्सिंग केल्याशिवाय तुकडे नीट जुळत नाहीत. शिवाय जनुक आहे म्हणजे ते काम करतंय असं नव्हे.

खरी गोम मात्र मशीनच्या कितीतरी आधी आहे, डीएनए काढण्यात. मातीचा डीएनए काढल्यावर नळीतलं द्रावण चहासारखं तपकिरी दिसलं, तर ह्युमिक आम्ल (मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतून येणारं) सोबत आलंय असं समजा. २६०/२३० गुणोत्तर (२६० आणि २३० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं, डीएनए किती शुद्ध ते सांगणारं) पाहा. ते दोनच्या बरंच खाली असेल तर शंका पक्की. हे आम्ल पीसीआर (जनुकाच्या असंख्य प्रती बनवायची प्रक्रिया) अडवतं, मग जेलवर डीएनएचा पट्टा दिसत नाही, आणि लोक प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलत बसतात. आधी तोच डीएनए दहापट पातळ करून लावा. पुष्कळदा तेवढ्यानेच पट्टा उमटतो. नाहीच उमटला तर मिश्रणात बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) घाला किंवा डीएनए पुन्हा शुद्ध करा. पेशी फोडताना मणी घालून हलवायची पायरी गाळू नका. जाड भिंतीचे ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणू नुसत्या रसायनांना दाद देत नाहीत आणि मग ते ‘मातीत नव्हतेच’ असा निष्कर्ष निघतो.

टक्केवारी सारखी म्हणजे संख्याही सारखी, या तुमच्या मार्गदर्शकांच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. दोन्ही नमुन्यांत एखादा गट २० टक्के आला म्हणून तो दोन्हीकडे सारखाच आहे असं म्हणता येत नाही. एका ग्रॅममागे एकीकडे १६एसच्या एकूण १० लाख प्रती असतील आणि दुसरीकडे १ लाख, तर हिशोब २ लाख विरुद्ध २० हजार असा होतो. त्यासाठी एकूण १६एसचं क्यूपीसीआर जोडीला हवंच. त्यातही काही जिवाणूंत या जनुकाची एकच प्रत असते, काहींत दहाच्या वर, त्यामुळे प्रतींचा आकडा म्हणजे पेशींचा आकडा नाही. मेलेल्या पेशींचा डीएनएही मातीत टिकून राहतो, तोही यात मोजला जातो.

आणि माती न घालता एक कोरी नळी पहिल्या पायरीपासून सिक्वेन्सिंगपर्यंत सोबत चालवा. डीएनए काढायच्या किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो, तो या नळीत दिसेल.

आधी २६०/२३० किती येतो ते कळवा, प्रायमरचं त्यानंतर बघू.