तीन तासांच्या सरावातून एकेक भजन वेगळं काढायचं तर

भाऊ, आधी रेकॉर्डिंगला ठेवलेला मोबाईल सतरंजीवरून उचल. तबल्याची धमक जमिनीतूनच चढते आणि गाणाऱ्याचा आवाज दबून जातो. समाज मंदिराला वर टिनपत्रे असतील तर त्यांचाही घुमारा येतो. खांद्याएवढ्या उंचीवर, हार्मोनियमच्या बाजूनं, खंजेरीपासून मात्र लांब ठेव. खंजेरीच्या झांजा इतक्या तिखट की जवळ ठेवला की आवाज फाटलाच समज. फाटलेला आवाज मागून दुरुस्त होत नाही. फ्लाइट मोड लाव, नाहीतर मधेच कोणाच्या तरी मामाचा फोन येतो.

रेकॉर्डिंग मधे बंद करू नकोस, सलग चालू दे. मोनो (एकाच चॅनलची) वॅव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल तासाला ३०० एमबीच्या आसपास जाते, तेवढी जागा आधी मोकळी कर.

आता खरी युक्ती. प्रत्येक भजनाआधी मोबाईलजवळ एक जोरात टाळी वाजव आणि भजनाचं नाव बोल. ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या फुकट ऑडिओ सॉफ्टवेअरमधे फाइल उघडली की टाळीची उभी रेघ लांबूनच दिसते. तिथं क्लिक करून कंट्रोल-बी दाब, लेबलात नाव लिही. सगळी लेबलं झाली की लेबलांप्रमाणे एकदम सगळ्या फायली एक्स्पोर्ट होतात. शांतता ओळखून आपोआप तुकडे करायची सोयही आहे, पण आपल्याकडे दोन भजनांमधे शांतता असते कुठे? तबला ठोकणं, चहा, गप्पा! त्या नादी लागू नकोस.

मूळ फाइल पुसू नकोस. बुवांनी गप्पांच्या ओघात सांगितलेली चाल तिच्यातच सापडते.