दुसऱ्या प्रश्नापाशी थांबलेली मुलगी

“मॅडम, माझ्या बरोबरीच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. माझ्याहून लहान मुलींचाही झाला. मीच राहिलेय. माझ्यात काही कमी आहे का?”

कल्याणच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आल्या आल्या, समोरच्या पाण्याच्या ग्लासला हात न लावता तिने हे विचारलं. वय 19, डीएमएलटीचा, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा, अभ्यासक्रम चालू. आई यहोवाच्या साक्षीदारांपैकी (देवाला यहोवा म्हणणारा हा एक ख्रिस्ती पंथ), मुलगी लहान असतानाच त्या मंडळीत आलेली. पप्पा रेल्वेत, ते मंडळीत नाहीत. साताऱ्याकडे आजीचं घर, तिथे दर वर्षी गणपती. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला अधूनमधून वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येतो. गुरूचा अनुग्रह घ्यायला कचरणारे विचारतात, दीक्षेच्या वातावरणात वाढलेली मुलं विचारतात. घरच्यांना वाटतं श्रद्धा पातळ झाली. त्या माणसालाही हळूहळू तसंच वाटू लागतं.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात बाळाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा त्या बाळाला काही ठरवायचं नसतं. साक्षीदारांमध्ये तसं नाही. तिथे बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. आधी बायबलचा अभ्यास, मग घरोघरी प्रचाराला जाणं, मग मंडळीतल्या वडिलांबरोबर बसून प्रश्नोत्तरं. (वडील म्हणजे मंडळी सांभाळणारे जबाबदार पुरुष.) आणि मग अधिवेशनात, म्हणजे त्यांच्या मोठ्या मेळाव्यात, सगळ्यांसमोर उभं राहून दोन प्रश्नांना मोठ्याने ‘हो’ म्हणायचं. त्यानंतर पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. हे सगळं तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चौदाव्या वर्षापासून ती प्रचाराला जात होती.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. तिचं ऐकून मी विचारलं, “तुला यातून बाहेर पडायचंय का?” ती एकदम आक्रसली. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, “मी असं कुठे म्हटलं? माझा यहोवावर विश्वास आहे. मामा पण हेच म्हणतो, सोड ते सगळं. मला वाटलं होतं, तुम्ही तरी तसं म्हणणार नाही.”

तिचं बरोबर होतं. मंडळी एका बाजूला ओढत होती, मामा दुसऱ्या बाजूला, आणि मी नकळत मामाच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. मी तिची माफी मागितली. कुणी श्रद्धा सोडावी की धरावी हे ठरवणं समुपदेशकाचं काम नाही, आणि कडक शिस्तीचे पंथ समोर आले की आमच्यातल्या अनेकांना याचा विसर पडतो. त्या दिवसानंतर मी जास्त ऐकलं.

तिला आपल्या लोकांचा अभिमानही होता. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती उभी राहायची, पण गायची नाही. त्यावरून एकदा वर्गात बरंच बोलणं खावं लागलं होतं. तेव्हा आईने तिला केरळमधल्या साक्षीदार कुटुंबातल्या तीन भावंडांची गोष्ट सांगितली होती. 1985 साली राष्ट्रगीत न गायल्याबद्दल त्यांना शाळेतून काढलं. ती भावंडंही आदराने उभी राहत होती, फक्त गात नव्हती. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते की नाही हे न्यायालयाने पाहायचं नाही, ती श्रद्धा मनापासून, सदसद्विवेकाने धरलेली आहे का एवढंच पाहायचं, असं त्या निकालात म्हटलं आहे. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता.

मी तिला विचारलं, “तीच कसोटी तू स्वतःला लावून पाहिलीस का? बाप्तिस्म्याचा हा निर्णय तू तुझ्या विवेकाने धरलेला आहे का?”

ती उत्तर देईना. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, ते दोन प्रश्न इथेच मोठ्याने म्हण आणि उत्तर दे. इथे अधिवेशन नाही, मी कुणाला सांगणार नाही. ती उभी राहिली. पहिला प्रश्न थोडक्यात असा, की तू पश्चात्ताप करून यहोवाला जीवन समर्पित केलं आहेस का, येशूद्वारे मिळणारं तारण स्वीकारलं आहेस का? ती लगेच म्हणाली, “हो.” दुसरा असा, की बाप्तिस्म्याने तू यहोवाच्या संघटनेबरोबरची एक साक्षीदार म्हणून ओळखली जाशील, हे तुला समजतं का? ती गप्प झाली. बाहेर रिक्षा, भाजीवाला, शेजारच्या क्लासची घंटा. आम्ही दोघी तशाच थांबलो. मग ती खाली बसली आणि म्हणाली, “समजतं ना मॅडम. समजतं म्हणूनच तोंडातून येत नाही.”

तिथून खरं बोलणं सुरू झालं.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलीने उद्या मंडळीत जाणं थांबवलं तर आई रडेल, ब्रदर-सिस्टर समजवायला येतील, मैत्रिणी दुरावतील. पण तिच्याविरुद्ध औपचारिक काही होत नाही. बाप्तिस्म्यानंतर कुणी मंडळी सोडली, किंवा वडिलांनी त्याला मंडळीतून काढलं, तर बाकीच्यांनी त्याच्याशी संबंध ठेवायचे नाहीत असा नियम आहे. एका घरात राहणाऱ्यांचे रोजचे व्यवहार चालू राहतात, पण वेगळं राहणारी मावशी, बहीण, जिवाभावाची मैत्रीण मागे सरते. 2024 मध्ये हा नियम थोडा सैल झाला. काढलेली व्यक्ती सभेला आली तर तिला नमस्कार करायला, दोन शब्दांत स्वागत करायला मोकळीक मिळाली. पण पूर्वीसारखी ऊठबस नाही.

तिने अशी एक मावशी पाहिली होती. सख्खी नव्हे, पण लहानपणी केस विंचरून देणारी. एके दिवशी तिचं घरी येणं बंद झालं. आईने फक्त एवढंच सांगितलं, “आता तिच्याशी बोलायचं नाही.” मुलगी तेव्हा 9 वर्षांची होती. त्या मावशीचं नाव घेताना ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

म्हणजे आजचं ‘अजून नाही’ ती उद्या बदलू शकते. ‘हो’ म्हटल्यावर ते बदलायची किंमत वेगळी असते. हे तिला आतून कळत होतं आणि या समजुतीलाच ती श्रद्धेतली कमतरता समजत होती. मला त्यात कमतरता दिसली नाही. शब्द द्यायच्या आधी त्याचं वजन पाहणारी मुलगी दिसली.

मग रक्ताचा विषय निघाला. साक्षीदार 1945 पासून रक्त घेणं नाकारतात. पूर्ण रक्त, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा, काहीच घेत नाहीत. बाप्तिस्मा झालेली माणसं तसं लिहिलेलं कार्ड जवळ बाळगतात. आणि ही मुलगी रक्तपेढीत क्रॉस मॅच करायला, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ते तपासायला, शिकत होती. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या एका बाईसाठी रात्री तिने पिशव्या तपासून दिल्या होत्या. “सकाळी ती बाई बाळाला घेऊन बसली होती. मी त्या कार्डावर सही कशी करू? आणि नाही केली तर मी साक्षीदार कसली?” माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं.

एका भेटीला पप्पा आले. शांत माणूस. त्यांनी कायद्याचं विचारलं, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे ना? आहे. पण पंथाच्या अंतर्गत बहिष्काराचा प्रश्न आपल्याकडे जुना आणि गुंतागुंतीचा आहे. मुंबई राज्याने 1949 मध्ये केलेला बहिष्कारबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात रद्द ठरवला होता. मी वकील नाही, त्यामुळे त्यांना वकिलाकडे जायला सुचवलं. एक गोष्ट मात्र बोलले, की मावशीने फोन उचलावा असा हुकूम कुठलंच न्यायालय देऊ शकत नाही. ते बराच वेळ मान हलवत राहिले.

आई शेवटी आली, मुलीनेच आणली. मी मनातून थोडी घाबरले होते. आईने बसताच विचारलं, “मॅडम, घराला आग लागलीय आणि लेकरू आत झोपलंय. मी त्याला हाक मारू नको का?”

हर्मगिदोन, म्हणजे या जगाचा शेवट करणारं देवाचं युद्ध, जवळ आलं आहे आणि त्यातून आपली मुलगी वाचली पाहिजे, हे तिच्यासाठी आजच्या भाजीइतकं खरं होतं. तिच्या आग्रहामागचं प्रेम मला तोवर नीट दिसलं नव्हतं. मी म्हटलं, “ताई, हाक जरूर मारा. पण ती जागी आहे. ती काय म्हणतेय ते एकदा ऐकाल का?”

मुलीने पिशवीतून बायबल काढलं. मंडळीत तिला नेहमी प्रेषितांच्या कृत्यांतल्या त्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याचं उदाहरण देत, ‘मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे?’ असं विचारणाऱ्याचं. तिने लूकचा चौदावा अध्याय उघडला. बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करत नाही का, हे येशूचं वचन वाचलं आणि म्हणाली, “मम्मी, मी बसलेय. हिशोब चाललाय माझा. मी पळून नाही गेले.”

हे वचन मी सुचवलं नव्हतं. तिने स्वतः शोधलं होतं, आणि मला वाटतं म्हणूनच ते आईपर्यंत पोचलं. आई पटली असं मी म्हणणार नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, “किती दिवस?” मुलगी म्हणाली, “तारीख नको ना देऊस मम्मी.”

मंडळीतल्या वडिलांना काय सांगायचं याची आम्ही दोनदा तालीम केली. लांबलचक कारणं देऊ नकोस, खोटं बोलू नकोस, ‘यंदा नाही, मी अजून विचार करतेय’ एवढंच सांग. तिने तसंच सांगितलं. त्यांनी तिच्यासोबत प्रार्थना केली आणि पुन्हा विचारू म्हणाले. ते विचारणार, हे तिला माहीत आहे.

अधिवेशनाला ती गेली. बाप्तिस्म्याचे उमेदवार उभे राहिले तेव्हा आई तिच्याकडे न बघता समोर बघत होती. दुपारी दोघींनी एकाच डब्यातून चपाती-भाजी खाल्ली. त्या मावशीचा नंबर तिने पप्पांकडून मिळवलाय, अजून लावलेला नाही. रक्ताचा प्रश्न तसाच आहे. पुढच्या बुधवारी ती त्याबद्दल बोलायला येणार आहे.