सर्डेचं डीफॉल्ट लावूनही बिनकोडची जुनी फाइल का वाचता येत नाही?

सर्डे ही रस्ट भाषेतली डेटा फाइलमध्ये लिहिणारी-वाचणारी लायब्ररी, आणि बिनकोड हा तिच्यासोबत वापरायचा बायनरी फॉरमॅट. तुम्ही स्ट्रक्टच्या, म्हणजे फील्डांच्या गटाच्या, शेवटी नवं फील्ड जोडलंत आणि जुनी फाइल उघडेना. दोष तुमच्या स्ट्रक्टचा नाही, फॉरमॅटचा आहे. डीफॉल्ट अ‍ॅट्रिब्यूट सर्डेला इतकंच सांगतं की 'हे फील्ड सापडलं नाही तर डीफॉल्ट किंमत घे'. पण सापडलं की नाही हे कळायला फाइलमध्ये फील्डची नावं असावी लागतात. जेसन या मजकूर फॉरमॅटमध्ये ती असतात. बिनकोडमध्ये फक्त किमती असतात, एकामागून एक, स्ट्रक्टमधल्या क्रमाने. त्यामुळे तुम्ही शेवटी जोडलेलं फील्ड वाचायला गेलं की बाइट्स संपतात आणि एरर येते.

हे नशीबच म्हणा! फील्ड मध्येच घातलं असतं तर पुढचे बाइट्स सरकले असते, आणि कधीकधी एरर न येता चुकीचे आकडे मुकाट लोड झाले असते. एनमचं, म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एक धरणाऱ्या प्रकाराचंही तेच: व्हेरिएंट (निवडलेला पर्याय) नावाने नाही, क्रमांकाने लिहिला जातो, म्हणून क्रम बदलू नका. ठरावीक अटीवर फील्ड लिहायचंच टाळणारं स्किप-सीरियलाइझिंग-इफ अ‍ॅट्रिब्यूट तर बिनकोडसोबत वापरूच नका.

बिनकोडच ठेवायचं असेल तर फाइलच्या सुरुवातीला चार ठरावीक बाइट्स आणि एक आवृत्ती क्रमांक लिहा. जुनं स्ट्रक्ट वेगळ्या नावाने जपून ठेवा, 'फ्रॉम' ट्रेटने (एका प्रकारातून दुसऱ्यात रूपांतर करायची रस्टची सोय) नव्यात बदला. ते चार बाइट्स दिसले नाहीत तर फाइल जुनी समजा.

फाइलचा आकार फार महत्त्वाचा नसेल तर मी मेसेजपॅक हा फील्डची नावंही ठेवू शकणारा बायनरी फॉरमॅट घेईन. फक्त त्याच्या आरएमपी-सर्डे लायब्ररीमध्ये 'टू-व्हेक-नेम्ड' फंक्शन वापरा. साधं 'टू-व्हेक' स्ट्रक्टमधली नावं गाळतं.