जुन्या राजदूत ३५० च्या पुढच्या शॉकअपमध्ये नव्या पद्धतीचे आतले पार्ट बसवता येतात का?

येतात. पण तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत: घाटात ब्रेक दाबला की गाडी पुढून झपकन खाली बसते, आणि खड्ड्यात मात्र हँडलला दणका बसतो. या दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. ते कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही ते कळेल. माझी १९८६ ची आहे, कोल्हापुरात रोज वापरात आहे, आणि हे सगळं मी तिच्यावर करून बसलोय.

राजदूत ३५० मुळात यामाहाचीच आरडी ३५०, म्हणून आपल्या शॉकअपमध्ये, म्हणजे १९७० च्या दशकातल्या यामाहाच्या बांधणीत, आत एक पोकळ डॅम्पर रॉड असतो. त्याला खाली ठरावीक मापाची भोकं असतात. शॉकअप दाबला की तेल त्या भोकांतून जातं आणि त्या अडथळ्यालाच आपण डॅम्पिंग म्हणतो. अडचण अशी की ठरावीक भोकातून तेल दुप्पट वेगाने ढकललं तर अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ब्रेक दाबल्यावर शॉकअप सावकाश दबतो, तेव्हा तेल बिनबोभाट निसटतं. खड्ड्याच्या कडेवर तो फार वेगाने दबतो, तेव्हा तेलाला वाटच मिळत नाही आणि क्षणभर शॉकअप म्हणजे नुसती लोखंडी कांब होते. म्हणून तेल जाड घातलं तर खड्डे जास्त लागतात, पातळ घातलं तर नाक जास्त बसतं. गॅरेजवाला तेल बदलून देत राहतो आणि आपण गोल गोल फिरत राहतो.

नव्या गाड्यांच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे शॉकअपच्या आत बसणाऱ्या बंद डॅम्पिंग-नळीत, भोकावर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट मोठी होते. पण तो अख्खा कार्ट्रिज आपल्या ३४ मिलिमीटरच्या पाइपात घालायच्या नादी लागू नका. आत जागा तुटपुंजी, लांबी जुळत नाही, खालचा बोल्ट आणि वरचं नट दोन्ही नव्याने बनवावी लागतात. दुसऱ्या गाडीचा आख्खा पुढचा भाग बसवणारेही आहेत. मला ते मनापासून पटत नाही. स्टिअरिंगची भूमिती बदलते, आणि या गाडीचा चेहरा म्हणजे तिचा पुढचा भागच आहे.

चांगला मार्ग म्हणजे इम्युलेटर. अमेरिकेतल्या रेस टेक कंपनीने तो प्रसिद्ध केला. हा छोटा व्हॉल्व्ह डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसतो आणि मुख्य स्प्रिंगच त्याला वरून दाबून धरते. सावकाश हालचालीत तेल त्याच्या बारीक भोकातून जातं. जोराचा धक्का आला की त्यावरच्या छोट्या स्प्रिंगविरुद्ध झडप उचलली जाते आणि तेलाला मोठी वाट मिळते.

इथे मी चुकलो ते सांगतो. व्हॉल्व्हने काम करावं असं वाटत असेल तर रॉडची खालची भोकं मोठी करावीच लागतात. नाहीतर तेल व्हॉल्व्हपर्यंत पोचायच्या आधी खालीच तुंबतं. ओरिजिनल रॉडला ड्रिल लावायचा मला धीर झाला नाही, म्हणून नुसता व्हॉल्व्ह टाकला. खड्ड्यांत तसूभरही फरक पडला नाही. मग जुन्या पार्टवाल्याकडून रॉडची दुसरी जोडी मिळवली आणि उद्यमनगरातल्या एका लेथवर भोकं पाडून घेतली: प्रत्येक रॉडला ८ मिलिमीटरची सहा, समोरासमोर जोडीने, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी काटकोनात आणि थोडी वर. सगळी एकाच उंचीवर पाडली तर रॉड तिथे कमकुवत होतो. वरच्या बाजूची बारीक भोकं रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडतानाची असतात, त्यांना हात लावायचा नाही. ड्रिल झाल्यावर आतली धार गोल कानशीने काढा, रॉकेलने धुवा आणि सुती फडकं रॉडमधून ओढून पाहा. एकही धागा अडकला तर पुन्हा कानस. माझी ओरिजिनल जोडी तेलाच्या कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे; तुम्हीही तसंच करा, हे पार्ट आता नवे मिळत नाहीत.

पण त्याच्याही आधी स्प्रिंग. ब्रेकवर नाक बसतं कारण वजन पुढे सरकतं. किती बसायचं ते स्प्रिंग ठरवते, किती वेगाने बसायचं ते तेल. चाळीस वर्षांची स्प्रिंग दमलेली असते. पाइपावर सीलच्या वर एक प्लॅस्टिकची पट्टी आवळा, गाडीवर नेहमीच्या कपड्यांत बसा आणि शॉकअप किती दबतो ते मोजा. एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश हवा. माझा निम्म्याच्या वर जात होता. मी ०.७५ किलो प्रति मिलिमीटरच्या सरळ स्प्रिंगा घातल्या. माझं वजन ७८ किलो. व्हॉल्व्हची उंची जितकी, तितका वरचा स्पेसर (स्प्रिंगवरची नळी) कापायला विसरू नका, नाहीतर वरचं नट आट्यांना लागेपर्यंत घाम निघतो आणि गाडी पुढून दगडासारखी होते.

खोलताना खालचा अ‍ॅलन बोल्ट स्प्रिंग आत असतानाच सैल करा. स्प्रिंगच्या दाबाने रॉड धरून राहतो. नंतर प्रयत्न केला तर तो बोल्टाबरोबर नुसता फिरत बसतो. वरचं नट सोडण्याआधी टीचा (दोन्ही पाइप वर धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) आवळबोल्ट ढिला करा आणि तोंड बाजूला ठेवा, नट उडतं. माझ्या शॉकअपमधून निघालेलं तेल स्टीलच्या ताटलीत ओतलं तर राखेच्या पाण्यासारखं होतं आणि उन्हात त्यात अ‍ॅल्युमिनियमची चमक दिसत होती. तसं दिसलं तर आधी झीज तपासा. पाइप वाकलेला असेल किंवा कोनसेटला (हँडलच्या बेअरिंगला) खाच पडली असेल तर व्हॉल्व्ह विकत घेणं थांबवा.

भरताना मी १५ ग्रेडचं तेल घातलं. पातळी मोजायची ती स्प्रिंग बाहेर, व्हॉल्व्ह जागेवर आणि शॉकअप पूर्ण दाबून. वरच्या काठापासून १४० मिलिमीटर ठेवली. वर उरलेली हवासुद्धा स्प्रिंगचंच काम करते, म्हणून दोन्ही बाजूंच्या शॉकअपमध्ये ती सारखी हवी. रिबाउंड व्हॉल्व्हच्या हातात नाही, तेलाच्या जाडीवरच आहे. खड्ड्यानंतर पुढचा भाग उसळत राहिला तर एक ग्रेड जाड घ्या. व्हॉल्व्हचा स्क्रू टेकल्यापासून दोन फेऱ्यांनी सुरुवात करा, पुढे अर्ध्या अर्ध्या फेरीने. दर वेळी वरून स्प्रिंग काढून वाकवलेल्या तारेने व्हॉल्व्ह बाहेर ओढावा लागतो. मला आंबोलीच्या चार फेऱ्या लागल्या आणि अडीचवर थांबलो.

बुलेटवालं कुणी हे वाचत असेल तर थांबा: जुन्या बुलेटच्या शॉकअपची आतली बांधणी वेगळी आहे, हा व्हॉल्व्ह तिथे असाच टेकत नाही. तुम्ही मात्र मागवण्याआधी पाइपाचा आतला व्यास, रॉडच्या डोक्याचा व्यास आणि स्प्रिंगचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून इथे लिहा. डोकं आतून उतरतं असेल तर मध्ये एक कडी करावी लागेल, तिचं माप मी सांगतो.