एलएसडी घेतल्यावर खरंच रंग ऐकू येतात का?

दादरच्या कॉलेजात जाणारा तुमचा भाचा मित्रांकडून हे ऐकून आला आणि तुम्ही धास्तावून विचारलंय. एलएसडी म्हणजे भास घडवणारं नशेचं रसायन. आणि हो, काहींना तसं होतं. गाणं लागलं की रंग दिसतात, भिंत श्वास घेतल्यासारखी हलते, पाच मिनिटं तासाभराची वाटतात.

सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन. एलएसडीचा रेणू त्याच्यासारखा असतो आणि त्याचे निरोप घेणाऱ्या काही ग्राहींना (पेशींवरच्या जागांना) चिकटतो. डोळे-कान जे पाठवतात ते मेंदू एरवी गाळून, अंदाजाने जुळवून आपल्यापुढे ठेवतो. ती गाळणीच सैल पडते. डोळे ठीकच असतात, अर्थ लावणं बिघडतं. आल्बर्ट हॉफमन यांनी हे रसायन १९३८ मध्ये बनवलं, पण त्याचा हा गुण कळला १९४३ मध्ये. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, अंमल मात्र ८ ते १२ तास. मला भीती याचीच वाटते. सुटलेली फास्ट लोकल जशी मधल्या स्टेशनात थांबत नाही, तसं जीव घाबरला तरी उतरता येत नाही.

महादेवाला वाहतो तो धोतरा याहून वेगळा, आणि फार घातक. त्याने माणूस समोर नसलेल्यांशी बोलतो आणि ते त्याला खरंच वाटतं. ताप चढतो, छाती धडधडते, जीवही जाऊ शकतो. असं कुणाला झालं तर सरळ हॉस्पिटल गाठा.

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असेल तर एलएसडीचाही धोका वाढतो. भाच्याला ओरडू नका, शांतपणे विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.