तांबड्या रश्श्याबरोबर अल्बारिन्यो?

प्रश्न: मुलानं स्पेनच्या रिआस बायशास भागातली अल्बारिन्यो वाइन आणलीय. तिकडं पाऊस भरपूर म्हणे, मग द्राक्षं कुजत कशी नाहीत? आणि तांबड्या रश्श्याबरोबर ती चालेल का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: तासगावकडचे द्राक्षाचे मांडव तुम्ही पाहिले असतीलच. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिशियाच्या अटलांटिक किनाऱ्यावर तीच युक्ती आहे, फक्त खांब बहुतेक ग्रॅनाइटचे. वेल उंचावर पसरला की खालून वारं खेळतं, घड लवकर सुकतात, बुरशी कमी लागते. अल्बारिन्यो हे द्राक्षाच्या जातीचंही नाव, आणि त्या द्राक्षाची सालही जाड असते. समुद्रामुळं उन्हाळा सौम्य राहतो, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकतो. 1988 पासून या भागाला स्वतःचं अधिकृत मानांकन आहे.

आता रस्सा. तांबडा नको! त्या तिखटात वाइनचा वास मरतो आणि मद्यानं जीभ आणखीच पेटते. पांढरा चालेल, वाइनच्या आंबटपणानं नारळाच्या दुधाचा जडपणा कमी होतो. माझं विचाराल तर हलक्या मसाल्याची तळलेली सुरमई आणा, गॅलिशियातली माणसं ही वाइन मासळीबरोबरच पितात. बाटली फ्रीजमध्ये गार करा, पण बर्फ घालू नका. आणि नातवाच्या लग्नासाठी राखून ठेवायची ही वाइन नव्हे, ताजी असतानाच उघडा.